कोळशाची राख नळातून कशी जाते

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. त्यातला ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, की तासाला साधारण ३०० टन कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. सरासरी ३८ टक्के धरली, तर त्या एका संचातून तासाला सुमारे ११५ टन आणि दिवसाला पावणेतीन हजार टन राख निघते. कोळशाच्या वाघिणी वेळेवर आल्या की नाहीत, याच्या बातम्या उन्हाळाभर छापून येतात. राखेची चौकशी कोणी करत नाही. पण राख उचलली गेली नाही तर संच काही तासांत अडचणीत येतो, हे तिथल्या शिफ्ट इंजिनिअरला पक्के ठाऊक असते.

इतकी राख ट्रकमध्ये फावड्याने भरता येत नाही आणि उघड्या पट्ट्यावर टाकली तर आसमंतात उडते. म्हणून ती नळातून न्यावी लागते. ढकलायला एक तर हवा, नाही तर पाणी. सिमेंट, पीठ, ॲल्युमिना, प्लॅस्टिकचे दाणे, लोहखनिजाचा चुरा असा कितीतरी सुटा माल याच दोन पद्धतींनी हलवला जातो. मात्र एकाच आवारात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालताना पाहायच्या असतील, तर औष्णिक वीजकेंद्रासारखी जागा नाही.

राखेच्या दोन वाटा

भट्टीत जळालेल्या कोळशाची साधारण २० टक्के राख जड असते. तिचे गोळे होऊन ती तळाशी पडते. ही बॉटम ॲश. उरलेली ८० टक्के राख धुराबरोबर वर जाते. ही फ्लाय ॲश. तिचे कण एक मायक्रॉनपासून शंभरेक मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे चाळलेल्या मैद्यासारखे मऊ.

चिमणीच्या आधी ईएसपी नावाचा अवाढव्य डबा असतो. उच्च दाबाच्या विजेने भारित केलेले राखेचे कण त्यातल्या पत्र्यांना चिकटतात, ठोके देऊन खाली पाडले जातात आणि चौकोनी नरसाळ्यांत, म्हणजे हॉपरमध्ये जमतात. धुराच्या वाटेवर हॉपरच्या रांगामागून रांगा असतात, पण बहुतेक राख पहिल्या रांगेतच पडते. म्हणून पहिल्या रांगेचे हॉपर सतत रिकामे करावे लागतात आणि शेवटच्या रांगेत अगदी बारीक, चिकट राख थोडी थोडी साचते. हॉपरमधली राख सव्वाशे-दीडशे अंश गरम असते. तिथेच रेंगाळली तर ती थंड होते, हवेतला ओलावा धरते आणि घट्ट बसते. मग हातोडे घेऊन हॉपर ठोकत बसण्याची पाळी येते. जुन्या केंद्रांतल्या हॉपरांच्या अंगावरचे पोचे बघितले, की त्या हॉपरचा इतिहास कळतो.

हवेचे गणित

खळ्यावर उफणणी करताना वारा भूस उडवून नेतो आणि दाणा पायाशी पडतो. आडव्या नळातही हेच घडते. हवेचा वेग एका मर्यादेखाली गेला, की कण तरंगेनासे होतात आणि तळाशी बसू लागतात. ती मर्यादा कणांच्या आकारावर, वजनावर आणि नळाच्या व्यासावर ठरते.

पहिला सोपा उपाय म्हणजे वेग भरपूर ठेवायचा. सेकंदाला १५ ते ३० मीटर वेगाने हवा सोडली, की कण हवेत विखरून वाहत जातात. याला विरळ प्रवाह म्हणू. दाब कमी लागतो, एक बारच्या आतबाहेर. त्यासाठी रूट्स ब्लोअर पुरतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेले हे यंत्र आजही जवळपास त्याच तत्त्वावर चालते. तोटा असा, की एक किलो हवा जेमतेम पाच ते पंधरा किलो माल नेते आणि इतक्या वेगाने जाणारी राख नळ खाऊन टाकते.

दुसरा उपाय म्हणजे घट्ट प्रवाह. हवा कमी, दाब जास्त. राख नळात विखरत नाही, ढिगाऱ्यांच्या रूपात सरकत जाते आणि वेग सुरुवातीला सेकंदाला तीन-चार मीटर एवढाच असतो. एक किलो हवा वीस-तीस किलो किंवा त्याहूनही जास्त राख ओढते. पण हे प्रत्येक मालाला जमत नाही. ज्या भुकटीत हवा मुरते आणि बराच वेळ टिकते, तीच अशी सरकते. कुठली भुकटी हवेने कशी वागते, याचे चार गट ब्रिटिश संशोधक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये पाडून दिले. फ्लाय ॲश आणि सिमेंट या बाबतीत गुणी माल आहे. खालून हवा दिली की गरम राख अक्षरशः पाण्यासारखी वाहते. हाच गुण जिवावरही उठतो. हॉपरचे झाकण घाईने उघडणाऱ्या कामगाराच्या अंगावर ती पाण्यासारखीच येते आणि भाजते.

हवेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. नळात पुढे जाताना दाब कमी होत जातो, दाब कमी झाला की हवा फुगते आणि फुगली की वेग वाढतो. म्हणजे सर्वात कमी वेग जिथे राख नळात शिरते तिथे आणि सर्वात जास्त वेग सायलोच्या, म्हणजे राख साठवण्याच्या टाकीच्या, तोंडाशी. लाईन चोक होते ती बहुधा सुरुवातीला आणि झिजते ती बहुधा शेवटाला. म्हणूनच लांब लाईनमध्ये नळाचा व्यास पुढे पुढे टप्प्याटप्प्याने वाढवतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, की स्टोअरमध्ये होते ते पाइप जोडलेत.

हवा मागून ढकलायची की पुढून ओढायची, हाही प्रश्न असतो. ओढायची म्हणजे निर्वात पंप लावायचा. त्यात नळाला भोक पडले तरी राख बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते, त्यामुळे परिसर स्वच्छ राहतो. पण ओढण्याची ताकद वातावरणाच्या दाबापुरतीच मर्यादित. प्रत्यक्षात त्यातलाही निम्माच हाती लागतो. म्हणून बऱ्याच केंद्रांत ईएसपीपासून जवळच्या मधल्या हॉपरपर्यंत राख ओढून आणतात आणि तिथून दूरच्या सायलोपर्यंत कॉम्प्रेसरच्या दाबाने ढकलतात.

पॉट, डोम व्हॉल्व्ह आणि पडद्यावरची रेघ

दाबाच्या पद्धतीत प्रत्येक हॉपरखाली एक जाड लोखंडी भांडे असते. साइटवर त्याला पॉट किंवा व्हेसल म्हणतात. दोघांच्या मध्ये डोम व्हॉल्व्ह. तो उघडला की राख आपल्या वजनाने पॉटमध्ये पडते. ठरलेला वेळ झाला किंवा पातळी भरली, की अर्धगोल घुमट फिरून तोंड बंद करतो आणि त्याच्याभोवतीची रबरी सील हवेने फुगून घट्ट बसते. मग खालून कोरडी, तेलविरहित हवा सुटते आणि राख नळात ढकलली जाते. पॉट रिकामा झाला की पुन्हा तेच. दिवसरात्र.

कंट्रोल रूममधल्या पडद्यावर हे सगळे एका रेघेत दिसते. हवा सुटली की दाबाची रेघ वर चढते, थोडा वेळ तिथे थरथरते आणि राख सायलोत पोहोचली की झपकन खाली येते. अनुभवी ऑपरेटर त्या रेघेच्या आकारावरून सांगतो, की पॉट पूर्ण भरला नव्हता किंवा सील गळतेय. रेघ वर चढून तिथेच राहिली तर लाईन चोक. मग हवा बंद करायची, दाब मागे हॉपरकडे सोडायचा आणि पुन्हा हवा मारून पाहायची. दोन-तीनदा करूनही मोकळी झाली नाही, तर माणूस स्पॅनर घेऊन लाईनवर जातो. नळावर ठोकत जायचे. रिकाम्या भागात आवाज घुमतो, भरलेल्या भागात बद्द वाजते. जागा सापडली की कपलिंग सोडायची. त्याआधी आत अडकलेला दाब पूर्ण सोडला आहे, याची खात्री करणे हा या कामातला सर्वात महत्त्वाचा नियम आणि घाईत सर्वाधिक मोडला जाणाराही.

चोक होण्यामागे बहुतेक वेळा ओलावा असतो. कॉम्प्रेसरच्या पुढचा एअर ड्रायर नीट चालत नसेल तर पावसाळ्यात लाईन रोज छळते. ड्रायरच्या देखभालीत वाचवलेला पैसा कॉम्प्रेसरच्या वीजबिलात आणि ओव्हरटाइममध्ये जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वळण झिजते

राखेत सिलिका भरपूर. ती सरळ नळाचे फारसे बिघडवत नाही, पण वळणावर आपटते. झीज वेगाच्या अडीच ते तीन घाताने वाढते. वेग दुप्पट झाला तर झीज सहा ते आठ पट. म्हणून हवा थोडी जास्त सोडली तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्या ऑपरेटरला बेंडचे स्टोअर रजिस्टर दाखवावे. बेंडला आतून सिरॅमिक किंवा ओतीव बेसाल्टचे अस्तर लावतात. दुसरी युक्ती स्वस्त आणि चतुर आहे. गोल वळणाऐवजी टी-जोड वापरायचा आणि त्याचे समोरचे तोंड बंद ठेवायचे. त्या कोनाड्यात राख साचते आणि पुढून येणारी राख लोखंडावर न आपटता राखेवर आपटते.

पाण्याची वाट

तळाच्या राखेला हवा पेलत नाही. भट्टीखाली ती पाण्यात पडते, क्लिंकर ग्राइंडरमध्ये तिचे गोळे इंचाएवढे बारीक होतात आणि पाण्याच्या जोरदार झोताने ती स्लरीच्या, म्हणजे राख आणि पाण्याच्या मिश्रणाच्या, टाकीत जाते. तिथून पंप तिला काही किलोमीटरवरच्या राख बंधाऱ्यात नेऊन सोडतात. फ्लाय ॲश कोरडी उचलली गेली नाही, तर तीही याच वाटेने जाते.

पाण्यातही मर्यादेचा वेग आहेच. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे ड्युरांड आणि कोंडोलिऑस यांनी १९५०च्या दशकात वाळू आणि खडी नळातून वाहून जे प्रयोग केले, त्यांतून निघालेले सूत्र अजूनही अभियंत्यांच्या हाताशी असते. त्याचा गाभा असा, की हा वेग नळाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे नळ मोठा घेतला, तर वेगही जास्त लागतो. पुढे कामाला येईल म्हणून मोठा पाइप टाकून ठेवायचा आणि पंप मात्र जुनेच ठेवायचे, या हिशेबाने टाकलेल्या लाईनी तळाशी राख साचून अर्ध्या बुजतात. राखेच्या स्लरीला साधारण सेकंदाला दोन ते तीन मीटर वेग ठेवावा लागतो. हवेच्या मानाने हा फारच कमी, म्हणून नळ जास्त टिकतात. पण जड कण तळाशी घासत जातात आणि नळ खालच्या बाजूनेच झिजतो. यावर उपाय म्हणजे ठरावीक काळाने जोड सोडून नळ १२० अंशांनी फिरवणे. दोनदा फिरवला की एका नळाचे तीन नळ झाले. राखेच्या लाईनी बहुतेक जमिनीवर, टेकूंवर उघड्या ठेवतात, त्याचे एक कारण हेच.

लाईन बंद करण्यापूर्वी साध्या पाण्याने धुऊन काढायची असते. वीज गेली आणि स्लरी आतच थांबली तर ती बसते. अशा वेळी ती लाईन फावड्यांनी मोकळी करणारे लोक पंपवाल्यांना काय म्हणतात, ते इथे छापता येणार नाही.

पाणी किती लागते

पातळ स्लरीत एक टन राखेला आठ-दहा टन पाणी सहज लागते. वरच्या उदाहरणातली सगळी राख एकास आठ या प्रमाणात वाहिली, तर एकाच संचाला दिवसाला सुमारे २ कोटी २० लाख लिटर पाणी हवे. बंधाऱ्यावरून निवळलेले पाणी परत आणून वापरतात, पण काही वाफेवाटे उडते आणि काही जमिनीत मुरते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले, तेव्हा चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद पडले. सगळा दोष राखेच्या पाण्याचा नव्हता. सर्वात जास्त पाणी कूलिंग टॉवर पितात. तरीही दुष्काळी भागात राख वाहायला गोडे पाणी वापरणे ही चैन आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली, तेव्हापासून राखेच्या पाण्याचा हिशेबही बारकाईने होऊ लागला.

त्यातून दाट स्लरीचा मार्ग पुढे आला. राख ६० टक्के आणि पाणी ४० टक्के असे मिश्रण पिठल्यासारखे घट्ट होते. त्यात कण खाली बसत नाहीत, म्हणून वेगाची सक्ती उरत नाही. आधीच्याच राखेला दिवसाला १८-१९ लाख लिटर पाणी पुरते. बंधाऱ्यावर ते पसरून वाळते आणि वर पाण्याचे तळे जवळपास राहत नाही. मात्र साधा पंप इथे चालत नाही. दट्ट्याचे महागडे पंप लागतात आणि मिश्रणाचे प्रमाण सतत राखावे लागते. पाणी वाचवायचे तर ही किंमत मोजली पाहिजे.

लांबचा पल्ला

हवेने माल शेकड्यांत किंवा फार तर एक-दोन हजार मीटरपर्यंत नेता येतो. पुढे हवा आणि वीज यांचा खर्च परवडत नाही. पाण्याने मात्र शेकडो किलोमीटर. कुद्रेमुखचे लोहखनिज सह्याद्री उतरून ६७ किलोमीटरवरच्या मंगळूरला नळातूनच जात असे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती खाण २००५ अखेर बंद झाली. बैलाडिलाचे खनिज विशाखापट्टणमला नेणारी लाईन २६७ किलोमीटरची आहे. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या सुरजागड खाणीचे खनिज हेडरीला दळून कोनसरीच्या कारखान्यात नेण्यासाठी सुमारे ८५ किलोमीटरची लाईन अलीकडेच झाली.

अशा लाईनसाठी खनिज पिठासारखे बारीक दळतात आणि गंज टाळण्यासाठी पाण्यात चुना घालतात. मार्गाची आखणी करताना चढ-उतार फार तीव्र ठेवत नाहीत, कारण पंप थांबले तर माल उतारावरून घसरून खोलगट भागात बूच होऊन बसतो.

कोळशाच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. ओहायोतली १७४ किलोमीटरची कोळसा-लाईन १९५७ मध्ये सुरू झाली. रेल्वेने दर पाडले आणि १९६३ मध्ये ती बंद झाली. पुढे ॲरिझोनातल्या ब्लॅक मेसा खाणीपासून नेवाडाच्या मोहावे वीजकेंद्रापर्यंत ४३९ किलोमीटरची लाईन १९७० ते २००५ चालली. त्यासाठी होपी आणि नवाहो लोकांच्या वाळवंटातले भूजल उपसले जाई. झरे आटत असल्याची त्यांची तक्रार अनेक वर्षे चालू होती. रेल्वेपेक्षा स्वस्त म्हणताना पाण्याची किंमत त्या हिशेबात नव्हती.

माल की गाळ

एकच राख, पण ती कशी वाहिली यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते. हवेने सायलोत गेलेली राख हा विकाऊ माल आहे. कोरड्या फ्लाय ॲशमध्ये चुन्याशी संयोग पावण्याचा गुण असतो, म्हणून पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये, म्हणजे पीपीसीत, ती १५ ते ३५ टक्के चालते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांकडे ती बंद टाक्यांच्या बल्करमधून जाते. तिथे बल्कर आपल्याच कॉम्प्रेसरच्या हवेने ती वरच्या सायलोत चढवतो. म्हणजे पुन्हा हवेचाच प्रवास. पाण्याने बंधाऱ्यात गेलेल्या राखेत मात्र जाडी-बारीक सगळे मिसळते आणि ती ओली होते. ती विटांना, रस्त्याच्या भरावाला, खाणी बुजवायला चालते, पण सिमेंटवाला तिला सहसा हात लावत नाही.

शिवाय बंधारा हा कायमचा धोका आहे. जुलै २०२२ च्या पावसात नागपूरजवळच्या खसाळा इथला राख बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी ओढ्या-नाल्यांतून, शेतांतून पसरले. कोरडी राख सायलोतून सांडली तर झाडलोट करता येते. फुटलेल्या बंधाऱ्याचे तसे नाही.

मग सगळी राख कोरडीच का उचलत नाहीत? उत्तर बरेचसे पावसाळ्यात आहे. जून ते सप्टेंबर बांधकामे थंडावतात, सिमेंटची मागणी घटते, बल्कर येईनासे होतात आणि सायलो भरतात. वीज मात्र रोज तयार होत असते. सायलो भरला की राखेची दिशा बदलून स्लरीकडे वळवण्याखेरीज शिफ्ट इंजिनिअरकडे पर्याय नसतो. एका ५०० मेगावॉटच्या संचाची दिवसाची फ्लाय ॲश उचलायला ७०-८० बल्कर लागतात. दोन-तीन दिवसांच्या साठ्याचा सायलो म्हणजे तेवढ्याच दिवसांची मुदत. हवेच्या पद्धतीवर कोट्यवधी रुपये खर्च करून सायलो तोकडे ठेवणे, हा माझ्या मते या क्षेत्रातला सर्वात महाग काटकसरीपणा आहे.

केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांवर राखेच्या शंभर टक्के वापराची जबाबदारी टाकली. तिच्यात केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिघातल्या बांधकामांनीही राख वापरावी, अशी तरतूद आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी आणि एकलहरे यांची वर्तुळे काढली, तर महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. घर बांधायला काढणाऱ्यांनी लाल विटेचा दर विचारताना फ्लाय ॲशच्या विटेचाही दर विचारावा आणि मिस्त्री नको म्हणाला, तर का नको, हेही विचारावे.